इंजिन कप्प्याची अल्पजल स्वच्छता

मोटारगाडीच्या बॉनेटखाली इंजिन, बॅटरी, अल्टरनेटर, रेडिएटर, निरनिराळ्या द्रवांच्या टाक्या आणि त्यांना जोडणारे वायरिंग व रबरी नळ्या ज्या पोकळीत बसवलेल्या असतात, तिला इंजिन कप्पा किंवा बोलीत ‘इंजिन बे’ म्हणतात. पाण्याचा झोत न मारता ब्रश, सौम्य क्लीनर आणि ओलसर फडके एवढ्यावर हा कप्पा पुसून काढणे म्हणजे अल्पजल स्वच्छता. फवारणीच्या बाटलीतले लिटर-दीड लिटर पाणी एका गाडीला सहसा पुरते.

नुसती कोरडी धूळ इंजिनाचे फारसे बिघडवत नाही. तीच धूळ झिरपलेल्या तेलावर बसली की काळा चिकटा तयार होतो, आणि त्याच्याखाली गळतीचे मूळ झाकले जाते. वाळलेली पाने आणि उंदरांनी आणून टाकलेल्या काटक्या-चिंध्या जास्त घातक असतात, कारण तापलेल्या एक्झॉस्टजवळ त्या पेटू शकतात. पुढच्या काचेखालच्या पन्हळीत साचलेला पाला तर पाण्याची वाट अडवून ते गाडीच्या आत उतरवतो. चकाकी हा या कामाचा सर्वांत गौण हेतू आहे, जरी गाडी विकायला काढताना तोच आधी आठवतो.

इंजिन कप्प्याला पाणी अगदीच परके नाही. पावसात चाकांनी उडवलेले पाणी आत येतच असते आणि ते गृहीत धरूनच कनेक्टरना रबरी सील दिलेले असतात. पण हे संरक्षण कशापासून आहे ते पाहिले पाहिजे. धूळ आणि पाणी यांपासूनचे संरक्षण ‘आयपी’ दर्जाने मोजतात. ‘आयपी६७’ दर्जाचा भाग १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडवला तरी आत पाणी शिरू देत नाही. झोताची चाचणी मात्र त्या दर्जात येत नाही. त्यासाठी ‘आयपी६९के’ हा वेगळा दर्जा असून त्यात सुमारे ८० अंश सेल्सिअसचे पाणी ८० ते १०० बार दाबाने १० ते १५ सेंटिमीटरवरून मारले जाते. घरगुती प्रेशर वॉशरचा दाब सहज या पातळीला पोहोचतो आणि समोर असतात वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झालेले सील. त्यामुळे पाणी किती लिटर वापरले याहून ते किती जोराने शिरले आणि कुठे साचून राहिले, यावर धोका ठरतो.

याचे ठळक उदाहरण पेट्रोल इंजिनात दिसते. स्पार्क प्लग अरुंद, खोल खळग्यात बसतो आणि बहुतेक आधुनिक इंजिनांत त्याच्यावर ठिणगीसाठी वीज पुरवणारी इग्निशन कॉइल बुचासारखी घट्ट असते. त्या खळग्यात चमचाभर पाणी उतरले की ते वाऱ्याने वाळत नाही; ठिणगी भलत्या वाटेने निसटते, इंजिन सुरू होऊनही अडखळत, थरथरत चालते आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो. मग कॉइल उपसून पाणी टिपून घेण्याला पर्याय उरत नाही.

काम थंड इंजिनावरच करावे. धावत्या गाडीत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, ९० अंशांच्या आसपास असते आणि इंजिनातला धूर गोळा करणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड शेकडो अंशांपर्यंत तापतो. त्यावर गार पाणी पडल्यास धातूला तडा जाण्याची भीती असते, शिवाय क्लीनर जागीच वाळून डाग धरतो. कित्येक गाड्यांत इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक फिरू लागतो, म्हणून किल्ली गाडीपासून दूर ठेवणे बरे. बॅटरी सोडवायची असल्यास ऋण टोक आधी काढतात आणि जोडताना शेवटी जोडतात, म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी शॉर्ट होत नाही. नव्या गाड्यांत बॅटरी सोडवल्याने काही सेटिंग पुसली जातात, तेव्हा आधी गाडीची पुस्तिका पाहावी. हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांतील नारिंगी वेष्टणाच्या वायर उच्च विद्युतदाबाच्या असतात. त्या आणि त्यांचे जोड यांना हात लावू नये.

अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, हवेच्या फिल्टरचे तोंड आणि उघडे कनेक्टर प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाकून घेतात. (ॲल्युमिनियमची फॉइल सुबक बसते खरी, पण बॅटरीजवळ ती नेणे म्हणजे शॉर्ट सर्किटला आमंत्रण.) मग पाला वेचून, मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने कोरडी धूळ काढावी. हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण तो नीट केला तर पुढे चिखल होत नाही. त्यानंतर पातळ केलेला क्लीनर थेट भागांवर न उडवता ब्रशवर किंवा फडक्यावर घेऊन चिकटा सैल करावा, वाळण्यापूर्वी स्वच्छ ओलसर फडक्याने पुसावा आणि लगेच कोरडे फडके फिरवावे. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-निळसर भुकटी हातमोजे घालून खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाने काढतात. द्रावण बॅटरीच्या आत मात्र जाता कामा नये.

रॉकेलचा बोळा फिरवण्याची जुनी सवय सोडावी. कूलंटच्या नळ्या बहुधा ज्या इथिलीन-प्रोपिलीन जातीच्या रबराच्या असतात, ते खनिज तेलांनी फुगते आणि मऊ पडते. पेट्रोल तर वर्ज्यच, कारण त्याची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. तीव्र अल्कली क्लीनरने ॲल्युमिनियम काळवंडते. नळ्यांना चमक हवी असल्यास पाण्यावर आधारित ड्रेसिंग वापरावे, पण अल्टरनेटर वगैरे फिरवणाऱ्या पट्ट्यापासून ते दूर ठेवावे, नाहीतर पट्टा घसरतो आणि किंचाळतो. ज्याला सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात तो द्रव सहसा ग्लायकॉल वर्गातला असतो; तो हवेतली ओल शोषतो आणि रंग उतरवतो, म्हणून टाकीच्या झाकणाभोवती पुसावे, झाकण उघडू नये.

शेवटी पिशव्या काढून, त्या मोजून, बॉनेट उघडे ठेवावे. कप्पा वाळल्यावर इंजिन दहा-पंधरा मिनिटे जागेवर चालवून आवाज आणि डॅशबोर्डवरचे दिवे पाहावेत. तेलकट पाणी गटारात सोडू नये.

गळती शोधायची असेल, तर पुसण्यापूर्वी चिकट्याचे फोटो काढून ठेवावेत आणि काही दिवस गाडी चालवून तीच ठिकाणे टॉर्चने पुन्हा पाहावीत. तेल खाली ओघळते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे फेकले जाते, त्यामुळे सर्वांत जास्त माखलेली जागा बहुधा गळतीची नसते. ताज्या ओलीची सर्वांत वरची कड जिथे सापडते, तिथले गॅस्केट (दोन भागांच्या सांध्यातली चकती) किंवा सील आधी तपासतात.