रोस्टर लागायच्या आधी सुट्टी मागा: विमान कंपनीतल्या आपल्या पोरापोरींसाठी

पोळा जवळ आला की मला फोन यायला लागतात. कुणी पुलगावची, कुणी दारव्ह्याचा, कुणी पार वडशाकडची. सगळे विमान कंपन्यांत केबिन क्रू, एक-दोघं पायलट. कधी आईचाच फोन असतो: "बाई, पोरीले सुट्टी काहून नाई देत ते लोकं?" मी अर्जाचा स्क्रीनशॉट मागवते, आणि बहुतेक वेळा कारण तिथंच दिसतं. तारीख चुकलेली असते, नाहीतर रजेचा प्रकार चुकलेला, नाहीतर कंपनीनं असा कागद मागितलेला असतो जो आपल्या गावात कुणाकडेच नसतो.

मी मूळची आर्वी तालुक्यातली. मुंबई बेसला (बेस म्हणजे कंपनीनं नेमून दिलेलं शहर, जिथून ड्यूटी सुरू होते) नऊ वर्षं उडले, आता उडत नाही. खालचं वाचताना तुमचं नेमणूकपत्र, सेवा नियमावली आणि क्रूचं ऑपरेशन्स मॅन्युअल शेजारी उघडून ठेवा, कारण बारीकसारीक अटी कंपनीगणिक बदलतात. नेमणूकपत्रावर सही करताना पगाराच्या आकड्यापलीकडे कुणी वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं.

तक्ता कसा भरतात

रोस्टर म्हणजे पुढच्या महिन्याचा ड्यूटीचा तक्ता. त्यात आधी न हलणाऱ्या गोष्टी बसवतात: मंजूर रजा, ट्रेनिंग, मेडिकल. मग साप्ताहिक विश्रांती. मग पेअरिंग, म्हणजे बेसवरून निघून बेसवरच संपणारी उड्डाणांची साखळी. ती एका दिवसाची असते, तीन-चार दिवसांचीही असते. तुमची बिड, म्हणजे कोणती ड्यूटी आणि कोणता मोकळा दिवस हवा याची पसंती, या टप्प्यावर पाहिली जाते. जिथं बिडची सोय नाही तिथं 'ऑफ रिक्वेस्ट', म्हणजे ठरावीक दिवस मोकळा ठेवायची विनंती असते. राहिलेल्या जागी स्टँडबाय भरतात, म्हणजे बोलावलं तर यायचं अशी ड्यूटी.

रजा आणि बिड यांतला फरक इथंच आहे. रजा म्हणजे आरक्षणाचं तिकीट. बिड म्हणजे एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल, जागा मिळाली तर मिळाली. तरी पोरं सख्ख्या बहिणीच्या लग्नासाठी रुमाल टाकून निवांत बसतात आणि तक्ता लागला की रडतात. लग्नाला रजाच टाका. बिड वापरायची ती आधी-नंतरच्या दिवसांसाठी, म्हणजे रजेच्या आदल्या दिवशी ड्यूटी लवकर संपावी, नंतरच्या दिवशी उशिरा सुरू व्हावी म्हणून.

एक सूचना: यूट्यूबवर अमेरिकन क्रूचे व्हिडिओ पाहून शेड्युलिंगवाल्यांशी सिनिऑरिटीवरून वाद घालू नका. तिकडे युनियनशी केलेल्या करारात सिनिऑरिटी नंबरानुसार बिड लागते. तुमच्या कागदात तसं लिहिलेलं नसेल तर तो मुद्दा तुमचा नाही.

पात्रता

ट्रेनिंग संपलेलं, प्रोबेशनमधली रजेची अट वाचलेली, खात्यावर रजा शिल्लक. एवढंच. पण एअरपोर्ट एंट्री परमिट आणि मेडिकल यांच्या मुदतीही बघून ठेवा. परमिट संपलं की तुम्हाला उड्डाणावर लावता येत नाही, आणि महिनाभराचं गणित विस्कटतं. नूतनीकरणात पोलीस पडताळणी कायमच्या पत्त्यावर गेली, म्हणजे गावच्या ठाण्यात, की आणखी वेळ जातो. शिपाई दुपारी येतो, घरचे सगळे वावरात असतात, तो कुलूप पाहून परत जातो. तेव्हा घरी आधी सांगून ठेवा, आणि पोलीस पाटलांनाही.

मुदत: इथंच सगळे पडतात

पहिली चूक महिन्याची. ऑक्टोबरची सुट्टी ऑक्टोबरात मागून चालत नाही, आणि सप्टेंबरच्या शेवटी मागूनही चालत नाही. रजेची खिडकी, म्हणजे अर्ज करायची मुदत, रोस्टर लागण्याच्या बरीच आधी बंद होते. तुमच्या कंपनीची नेमकी तारीख मॅन्युअलमध्ये आहे. ती कॅलेंडरवर लिहा. भिंतीवरच्या, मोबाइलमधल्या नाही.

दुसरी चूक आपल्या सणांची. सण तिथीवर चालतात, रोस्टर तारखेवर. २०२३ साली अधिक महिना होता म्हणून पोळा १४ सप्टेंबरला आला. २०२५ साली तो २२ ऑगस्टला होता. "मागच्या वेळी सप्टेंबरात होता" म्हणून बसलेल्यांची ऑगस्टची खिडकी गेली. महालक्ष्म्यांचंही तेच. वर्षाच्या सुरुवातीला पंचांग काढून पोळा, महालक्ष्म्या, दसरा, दिवाळी यांच्या तारखा लिहून घ्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाणाऱ्यांनी दसऱ्याची तारीख खास बघावी. १४ ऑक्टोबर धरून अर्ज टाकला आणि दसरा दुसऱ्याच तारखेला निघाला, असं झालेलं आहे.

तिसरी चूक घड्याळाची, आणि ती सगळ्यात जास्त छळते. विमान वाहतुकीत वेळा यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत लिहितात आणि काही कंपन्यांच्या ॲपवर रोस्टरही तसंच दिसतं. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. रोस्टरवर १४ तारखेला २०:३० दिसतं, तेव्हा आपल्याकडे १५ तारखेच्या पहाटेचे दोन वाजलेले असतात. "१४ ला रात्री साडेआठला ड्यूटी, १५ ला सुट्टी" असं समजून एकानं बहिणीला १५ ची तारीख दिली होती. उलटंही होतं. अर्जाची खिडकी यूटीसीनुसार मध्यरात्री बंद होत असेल तर आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत वेळ असतो, आणि पोरं रात्री बारालाच आशा सोडतात. ॲपच्या सेटिंगमध्ये आयएसटी, म्हणजे भारतीय वेळ, मिळत असेल तर लावून घ्या. नसेल तर साडेपाच तास मिळवूनच तारीख वाचा.

विश्रांती आणि रजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या नियमांनुसार आठवड्याला सलग विश्रांती द्यावीच लागते. पायलटांसाठी ती ३६ तासांची होती. २०२४ च्या सुधारित नियमांत ती ४८ तास झाली आणि १ जुलै २०२५ पासून पहिल्या टप्प्यात लागू झाली. तीत दोन 'लोकल नाइट' यावे लागतात, म्हणजे रात्री १० ते सकाळी ८ या वेळात मोडणारे सलग आठ तास, दोनदा. केबिन क्रूची नियमावली वेगळी आहे, तेव्हा आकडा आपल्याच मॅन्युअलमधला धरा.

आता ही विश्रांती रजेत मोजायची की नाही? रजा साप्ताहिक विश्रांतीच्या जागी धरू नये, अशी डीजीसीएची सूचना होती. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला इंडिगोची उड्डाणं मोठ्या संख्येनं रद्द झाली, तेव्हा ५ डिसेंबरला ती सूचना मागे घेतली गेली. म्हणून जुन्या व्हॉट्सअॅप मेसेजवर विसंबून चार दिवस रजा अधिक दोन दिवस विश्रांती असे सहा दिवस धरू नका. कंपनीचं ताजं परिपत्रक बघा, आणि अर्जावर पहिली व शेवटची तारीख स्पष्ट लिहा. "चार दिवस" एवढंच लिहिलेला अर्ज त्यांच्या सोयीनं वाचला जातो.

विश्रांतीच्या भरवशावर गावाला जाणाऱ्यांनी गणित करावं. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस धरली तर शनिवारी सकाळी धामणगाव, वर्धा. रविवारी बेसवर रिपोर्टिंग असेल तर शनिवारी संध्याकाळी परत गाडीत. घरी एक दिवस, दोन्ही रात्री बर्थवर. कागदावर विश्रांती पूर्ण झाली, डोळे मात्र लाल. स्टाफ तिकिटावर विमानानं जायचं म्हणाल तर ते सीट रिकामी असेल तरच मिळतं. लग्नसराईत नागपूरची विमानं भरलेली असतात. काउंटरवरून परत फिरायची वेळ आली आणि रिपोर्टिंग चुकलं, तर "सीट मिळाली नाही" हे कारण कुणी ऐकत नाही. परतीचं तिकीट पैसे देऊन, पक्कं काढा.

स्टँडबाय म्हणजे सुट्टी नव्हे

होम स्टँडबायमधल्या 'होम' शब्दानं किती जणांना फसवलं, सांगता येत नाही. ते होम म्हणजे बेसच्या शहरातलं, जिथून बोलावणं आल्यावर ठरलेल्या वेळात विमानतळावर पोहोचता येतं. आर्णीचं घर त्यात बसत नाही. त्यात गावात घराच्या आत रेंज नसते. फोन लागला नाही की नोंद गैरहजेरीची होते.

कागद

अर्ज ॲपवरच करायचा, त्यात विशेष काही नाही. अडतं ते जोडपत्रावर.

लग्नाला पत्रिका चालते. पण रजेची खिडकी बंद होते तेव्हा पत्रिका छापलेलीच नसते. आपल्याकडे छापतात महिनाभर आधी, तीही घाईत. साक्षगंधाला तर पत्रिकाच नसते, सगळं आवतण फोनवर. 'साक्षगंध' हा शब्द मुंबईच्या कार्यालयात कळतही नाही. अर्जात 'साखरपुडा' लिहा. कागद म्हणून मंगल कार्यालयाची किंवा मांडव-केटरिंगवाल्याची तारखेसकट पावती जोडा आणि पत्रिका नंतर देते, असं तिथंच लिहून टाका. घरातल्या मोठ्यांना सांगा की निदान कार्यालय लवकर धरा. मुहूर्ताच्या तीन तारखा हाताशी ठेवून दोन महिने चर्चा करणाऱ्या घरांतल्या पोरांना सुट्टी मिळत नाही.

मृत्यूच्या रजेत आधी नातं बघतात. बहुतेक नियमावल्यांत जवळचं कुटुंब म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलं, कुठं भावंडं, कुठं सासू-सासरे. आपले मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, ज्यांनी शाळेची फी भरली, ते त्या यादीत नसतात. हे निर्दय आहे, पण अर्ज त्या प्रकारात टाकाल तर नाकारला जाईल आणि वेळही जाईल. अशा वेळी शिल्लक वार्षिक रजा टाका आणि बेस मॅनेजरला सरळ फोन करा.

मग दाखला. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, म्हणून घरचे म्हणतात तेरवी होऊ दे, मग बघू. कंपनीची कागद देण्याची मुदत मात्र त्यापेक्षा कमी असू शकते. दोन-तीन गावांचा कारभार असलेला ग्रामसेवक कोणत्या दिवशी कोणत्या गावात असतो, हे विचारूनच जा. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर तिथला कागद लगेच घ्या आणि आधी तोच पाठवा. दाखल्यावरचं नाव कंपनीकडच्या नावाशी जुळतं का, हेही तिथं उभं असतानाच तपासा. आईचं नाव आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं, आणि तुमच्या नामनिर्देशन फॉर्मवर तिसरं, हे आपल्याकडचं रोजचं दुखणं आहे. नोकरी लागल्याच्या पहिल्या महिन्यातच घरच्यांची नावं आधारप्रमाणे कंपनीत भरून टाका.

आजारपणात गावचा डॉक्टर सलाइन लावतो, गोळ्यांची पुडी देतो आणि पाठवतो. कागद देत नाही. तुम्हाला लागतो तो लेटरहेडवरचा, नोंदणी क्रमांक, तारीख आणि किती दिवस विश्रांती हे लिहिलेला. कंपनी कोणत्या पदवीच्या डॉक्टरचा दाखला घेते ते आधी पाहा. नाहीतर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा, रांग लांब असली तरी. परत येताना 'फिट टू फ्लाय', म्हणजे उडायला तब्येत ठीक असल्याचा दाखला लागतो, आणि तो बहुधा कंपनीचाच डॉक्टर देतो. त्यासाठी एक दिवस हाताशी ठेवा.

रोस्टर लागल्यावर

आता उरतो स्वॅप, म्हणजे दुसऱ्या क्रूशी ड्यूटीची अदलाबदल. जोडीदार त्याच बेसचा, त्याच पदाचा, त्याच विमानावर पात्र हवा, आणि बदल केल्यावर दोघांचेही तास आणि विश्रांती नियमात बसली पाहिजे. दोघं राजी असूनही सिस्टीम नाकारते ती बहुतेक यामुळंच. पायलटांना सलग सात दिवसांत ३५ तासांपेक्षा जास्त उड्डाण करता येत नाही. तुमच्याकडे २ तास शिल्लक आणि मित्राची ड्यूटी ५ तासांची, तर कुणीही काही करू शकत नाही. आधी आदल्या-नंतरच्या ड्यूट्या मांडून बघा, मग विनंती टाका.

रजा नाकारली तर रोस्टरिंग आणि बेस मॅनेजर दोघांना एकच छोटा मेल करा: अर्जाची तारीख, रजेचा प्रकार, आयएसटीतल्या तारखा, जोडलेले कागद. फोनवर रडलेलं कुठंच नोंदलं जात नाही.

आणि नाकारलेल्या तारखांनाच 'सिक' कळवू नका. शेड्युलिंगवाले नाकारलेल्या अर्जांची यादी उघडूनच बसलेले असतात. एका पोरीनं मामेबहिणीच्या साक्षगंधाला तेच केलं. तिनं स्वतः फोटो टाकला नव्हता, तेवढी हुशार होती. मामेभावानं स्टेटसला टाकला, तिला टॅग करून, खाली बॅचचं नाव लिहून. दुसऱ्या दिवशी खुलासा मागणारा मेल आला, तेव्हा ती मांडवातच होती.