हिंगणघाटची कबर आणि क्षेत्रभेटीतला मोबाइल

वर्धा जिल्ह्यातल्या शाळेची क्षेत्रभेट म्हटली की सेवाग्राम, नाहीतर बोर धरण. हिंगणघाटला विल्यम लॅम्बटनची कबर आहे, ती सहसा कोणाच्या यादीत नसते. १८०२ मध्ये मद्रासजवळून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा हा माणूस जानेवारी १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर इथे वारला. त्याचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, जवळपास अर्ध्या टनाचा. आपण नेमके कुठे उभे आहोत, एवढं ठरवायला तेवढं लटांबर लागायचं. आता ते काम पोरांच्या खिशातला मोबाइल करतो.

तो तिथवर आला कसा? जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्ये काढली. त्याआधी सर्वसामान्यांच्या यंत्रात शंभरेक मीटरचा फरक पडायचा, म्हणजे आपला बांध की शेजाऱ्याचा, तेच कळणार नाही. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराची वेगळी नकाशामालिका आणली, २००९ मध्ये इस्रोचं ‘भुवन’ हे नकाशांचं संकेतस्थळ आलं, २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला. तरी शाळेत मोबाइल दिसला की जप्त! २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि तोच मोबाइल दप्तर झाला.

एक गंमत मात्र वर्गात जरूर करून बघावी. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश जुन्या स्थलनिर्देशक नकाशावर मांडले, तर ठिपका भलतीकडेच पडतो. पोरं म्हणतात, मोबाइल चुकला. चुकलं कोणीच नाही. जुने नकाशे लॅम्बटननंतर मोजणीचं काम हाती घेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत, जीपीएस पृथ्वीचा आकार वेगळा धरतं. अख्खा तास यावर घालवला तरी वाया जात नाही.

मेळघाटात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून शिक्षक मोबाइल नेत नाहीत. खरं तर जीपीएसला रेंज लागत नाही, नकाशाला लागते. नकाशा मेळघाटात शिरण्याआधी परतवाड्यातच मोबाइलवर उतरवून घ्यावा. क्षेत्रभेटीची माहिती नोंदवायचे मोबाइलवरचे फॉर्मही ऑफलाइन भरता येतात.

अडतं ते फॉर्ममध्येच. मातीच्या रकान्यात पर्याय असतात काळी, लाल, जांभी, इतर. आणि धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, शेतकरी मातीची आपल्या बोलीतली नावं सांगतो, ‘हे मोरांड हाय, तिकडं खरडी, वरतं बरडी.’ पोरगं क्षणभर थांबतं आणि ‘इतर’वर बोट ठेवतं.