पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स

मुंबईची आयटी सेवा कंपनी, नरेंद्र पटनी आणि त्यांचे भाऊ गजेंद्र व अशोक यांच्या घरची होती. २००४ ला शेअर बाजारात आली.

स्थापनेचं साल बऱ्याच ठिकाणी १९७८ दिलेलं असतं, कारण पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स या नावानं भारतात नोंदणी त्या सुमाराची. पण अमेरिकेतल्या एमआयटीत शिकलेले नरेंद्र आणि त्यांची पत्नी पूनम यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेत केंब्रिजला डेटा कन्व्हर्जन नावाची कंपनी काढली होती आणि पुढचा सगळा धंदा ज्या पद्धतीवर चालला ती तिथेच ठरली, म्हणून सुरुवात १९७२ पासून धरणंच जास्त पटतं. पद्धत अशी, अमेरिकेतले कागद विमानानं भारतात यायचे, इथल्या मुली-मुलं फ्लेक्सोरायटरवर ते टाइप करायची, सोबत कागदी टेपवर भोकं पडत जायची, ती टेप परत अमेरिकेला जायची आणि तिथं मजकूर मॅग्नेटिक टेपवर चढायचा. हे जमेल का बघायला नवरा-बायकोनं आधी आपल्याच फ्लॅटमध्ये एक खोली अमेरिका, दुसरी भारत असं मानून, एकमेकांशी न बोलता फक्त लेखी सूचनांवर काम करून पाहिलं असं सांगतात. आज ज्याला ऑफशोअर म्हणतात त्याची खरी अडचण मशीनची नाही तर सूचना नीट लिहिण्याची आहे, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं, आणि ही फार मोठी गोष्ट आहे.

मग भारतातली पहिली सॉफ्टवेअर निर्यात पटनीची का? काही जण तसं म्हणतात. पण हे डेटा एंट्रीचं काम झालं, प्रोग्रॅमिंगचं नाही, आणि टाटांची टीसीएस १९६८ पासून होती, १९७४ च्या आसपास ती बरोज या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीसाठी सॉफ्टवेअरचं काम करत होती. तेव्हा सॉफ्टवेअरचा मान टीसीएसला आणि कागदी कामाच्या ऑफशोअरिंगचा पटनीला, हे वाटप बरोबर वाटतं.

पुढे पटनीनं डेटा जनरल या अमेरिकन कंपनीचे मिनीकॉम्प्युटर भारतात विकले, सोबत सॉफ्टवेअर विभाग उभा केला. तो नारायण मूर्ती बघायचे, नंदन नीलेकणींचा इंटरव्ह्यू त्यांनीच घेतला. १९८१ मध्ये इथलीच सात माणसं बाहेर पडली आणि पुण्यात १०,००० रुपये भांडवलावर इन्फोसिस निघाली. पटनीचा उल्लेख बहुतेक वेळा एवढ्यासाठीच होतो, हे त्या कंपनीवर अन्यायाचं आहे, कारण त्यानंतरही तीस वर्षं ती चालली.

१९९० नंतरची वाढ बरीचशी जनरल इलेक्ट्रिकच्या कामावर झाली, विम्याच्या क्षेत्रातही मोठे क्लायंट मिळाले. नवी मुंबईत ऐरोलीला मोठा कॅम्पस झाला. २००२ मध्ये जनरल अटलांटिक या अमेरिकन गुंतवणूक कंपनीनं पैसे घातले, २००४ ला आयपीओ म्हणजे लोकांना पहिल्यांदा शेअर विक्री, २००५ च्या शेवटी न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदणी.

२०११ मध्ये भावांनी आणि जनरल अटलांटिकनं आपला हिस्सा आयगेट या अमेरिकन आयटी कंपनीला विकला, ओपन ऑफर (बाकीच्या भागधारकांकडून शेअर घेण्याची ऑफर) धरून सौदा सुमारे १.२ अब्ज डॉलरचा. आयगेटचे तेव्हाचे प्रमुख फणीश मूर्ती हे आधी इन्फोसिसमध्ये होते. २०१५ मध्ये आयगेट फ्रान्सच्या कॅपजेमिनीनं घेतली.