लाकूड कुजलं नव्हतं, सांधा उपटला

नॉर्वेतला ट्रेटेनचा १४८ मीटर लांब पूल १५ ऑगस्ट २०२२ रोजी नदीत कोसळला. उघडून जेमतेम दहा वर्षं झाली होती. पुलावर एक ट्रक आणि एक मोटार होती. दोन्ही चालक वाचले. लाकडी पूल पडला की ‘कुजला असणार’ असंच मनात येतं. चौकशीत दोष निघाला तो सांध्याचा: कैचीच्या, म्हणजे पूल पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याच्या, एका तिरप्या दांड्यातून लाकडाचा ठोकळा उपटून आला होता.

असे दांडे ग्लुलॅमचे असतात, म्हणजे तंतूंची दिशा एकच ठेवून फळ्या एकमेकींना चिकटवलेल्या. टोकाला करवतीने खाचा पाडून पोलादी पट्ट्या सरकवतात आणि लाकूड-पट्टी दोन्हींतून साधारण १२ मिमी जाडीच्या पोलादी खुंट्या ठोकतात. खुंटी वाकणं, भोक चेपणं हे सावकाश होतं. ठोकळा मात्र क्षणात निघतो. तो निघताना आतल्या टोकाला तंतू तुटतात आणि दोन्ही बाजूंना लाकूड तंतूंच्या दिशेने कातरलं जातं, म्हणजे एक भाग दुसऱ्यावरून घसरून सुटतो. ‘वजनाच्या मानाने लाकूड पोलादाच्या तोडीचं’ ही जाहिरात फक्त तंतूंच्या दिशेने ओढण्यापुरती खरी. जीएल२४एच या प्रतीचं ग्लुलॅम तंतूंच्या दिशेने दर चौरस मिमीला १९.२ न्यूटन ताण सोसतं, कातर फक्त ३.५, आणि तंतूंना आडवा ताण तर ०.५.

आता एका नमुना सांध्याचा हिशेब करू. लाकूड १०० मिमी जाड, खुंट्यांच्या तीन ओळी ३६ मिमी अंतरावर, प्रत्येक ओळीत सहा खुंट्या ६० मिमीवर, शेवटची खुंटी टोकापासून ८४ मिमी. ही सारी किमान अंतरं नियमात बसतात. युरोकोड ५ या लाकडी बांधकामाच्या युरोपीय नियमावलीच्या परिशिष्ट ‘अ’नुसार, भोकं वजा करून, आतलं टोक तुटायला १३८ किलोन्यूटन लागतात आणि बाजू कातरायला १५६. बेरीज २९४ होते, पण ती धरायची नाही. दोन्ही पृष्ठं एकाच क्षणी पूर्ण जोर लावत नाहीत. एक तुटलं की सगळा भार दुसऱ्यावर जातो. म्हणून दोहोंतला मोठा आकडा घ्यायचा, १५६. (हे सुरक्षा गुणांक लावण्याआधीचे आकडे.)

खुंट्या वाढवणं हा उपाय नव्हे, त्या ओळीत एकमेकींपासून लांब ठेवायला हव्यात. ६० ऐवजी १०० मिमी अंतर ठेवलं की तेवढ्याच अठरा खुंट्यांत कातरबळ १५६ वरून २५४ किलोन्यूटनवर जातं. शिवाय एका ओळीतल्या खुंट्या भार सारखा वाटून घेत नाहीत: ६० मिमीवर सहा खुंट्या जेमतेम चार खुंट्यांचं काम करतात, १०० मिमीवर साडेचारांचं.