पैंजण संध्याकाळीच का रुततं?

वडगावात आत्याच्या गल्लीत शिरलं की आधी मागाचा आवाज येतो, मग आत्या दिसते. पुढच्या खोलीत चार यंत्रमाग, मागच्या दोन खोल्यांत संसार. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागात अशी घरं ओळीनं आहेत. धोटा खटाखट इकडून तिकडे धावतो आणि आत्या दोन मागांच्या मधल्या बोळात उभी असते. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची; धोट्यातली धाग्याची कांडी संपली की दुसरी घालायची; पुन्हा उभं राहायचं. दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे, एवढीच काय ती हालचाल. सकाळी आठला सुरू झालेलं हे उभं राहणं दिवेलागणीला संपतं.

आषाढात मंगाईदेवीच्या यात्रेला गेलो होतो, तेव्हा संध्याकाळी तिनं पाय पुढे केला. "हे बघ, सकाळी पैंजण गरागरा फिरतंय. खरं आता बघ कसं रुतून बसलंय." (आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण', हे बाहेरच्या वाचकांसाठी.) पैंजण वर सरकवलं तर खाली साखळीची नक्षी जशीच्या तशी उमटलेली. नडगीवर अंगठा दाबून मी मनात दहा आकडे मोजले आणि अंगठा काढला. मळलेल्या कणकेत बोट रुतवावं तसा खड्डा पडला, आणि भरून यायला त्यानं चांगलाच वेळ घेतला.

पैंजण तेच, चांदी तीच. मग सकाळ ते संध्याकाळ पायात काय भरलं? पाणी. रक्तातलंच पाणी, रक्तवाहिन्यांतून झिरपून बाहेर आलेलं. आणि ते पायातच का साठलं, हे कळायला आधी रक्त खाली कसं जातं ते सोडून द्यावं लागतं. खाली काय, कुणीही जाईल. खरा प्रश्न ते वर कसं येतं हा आहे.

हृदय आपल्या बंद मुठीएवढं. एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं. मिनिटाला 70-72 ठोके धरले तर मिनिटाला पाच लिटर, तासाला 300 लिटर. पंधरा लिटरची घागर धरा, म्हणजे तासाला वीस घागरी! अंगात एकूण रक्त मात्र पाचेक लिटरच. तेच तेच रक्त फिरत असल्याशिवाय हा हिशेब जुळत नाही. आज हे शाळकरी गणित वाटतं, पण इंग्लंडच्या विल्यम हार्वेनं साधारण असाच हिशेब मांडून 1628 साली ग्रंथ छापला, तेव्हा युरोपातल्या डॉक्टरांना तो पचला नाही. प्राचीन ग्रीक वैद्य गेलनच्या शिकवणीप्रमाणे रक्त यकृतात तयार होतं आणि अंगात जिरून जातं, असं चौदाशे वर्षं मानलं जात होतं. तासाला वीस घागरी रक्त तयार करण्याएवढं कोण जेवतो, हा साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

हृदयाकडून रक्त नेतात त्या रोहिण्या. त्यांच्या भिंती जाड आणि आत रक्ताचा जोर मोठा. पुढे त्यांना फाटे फुटत फुटत केसाहून बारीक केशवाहिन्या होतात आणि त्यांतून रक्त परतीच्या शिरांमध्ये येतं. इथवर पोचेपर्यंत हृदयाच्या ठोक्याचा जोर बराचसा संपलेला असतो. शिरांच्या भिंती पातळ आणि सैल, पावसात भिजलेल्या सुती पिशवीसारख्या. जेवढं भराल तेवढ्या फुगतात. आत्ता या क्षणी तुमच्या अंगातलं निम्म्याहून जास्त रक्त या शिरांमध्येच आहे.

माणूस उभा राहिला की हृदयापासून पावलापर्यंत जवळजवळ चार फूट उंचीचा रक्ताचा स्तंभ तयार होतो. त्याचं वजन पावलातल्या शिरांवर पडतं. आडवं असताना तिथला दाब अगदी मामुली असतो. निश्चल उभं राहिलं की तोच पाऱ्याच्या सुमारे 90 मिलिमीटरपर्यंत चढतो. दंडाला पट्टा बांधून डॉक्टर जो 120/80 सांगतात, त्यातल्या खालच्या आकड्यापेक्षाही जास्त, आणि तो दाब पातळ भिंतीच्या शिरेत! मागून रोहिण्यांचा रेटा असतो, त्यामुळे रक्त वर सरकायचं थांबत नाही. पण शिरा तट्ट फुगतात, केशवाहिन्यांवर ताण येतो आणि त्यांच्या भिंतींतून पाणी बाहेर झिरपू लागतं. पैंजण रुतायला सुरुवात होते ती इथून.

मग आपण सगळेच संध्याकाळी सुजलेले का नसतो? विहिरीवर मोटर बसवलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला याचं निम्मं उत्तर ठाऊक असतं. पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या तोंडाशी फूटव्हॉल्व्ह असतो (खेड्यात त्याचा सर्रास 'फुटबॉल' झालाय). त्यातून पाणी वर जातं, खाली येत नाही. तो गळका झाला की मोटर नुसतीच घुमते. पायाच्या शिरांमध्ये असे व्हॉल्व्ह एक नव्हे, टप्प्याटप्प्यावर आहेत. प्रत्येक झडप म्हणजे समोरासमोरच्या दोन नाजूक पाकळ्या. रक्त वर निघालं की त्या भिंतीला चिकटतात, खाली येऊ लागलं की भरून फुगतात आणि एकमेकींना भिडून वाट बंद करतात.

या झडपांची गोष्ट मला फार आवडते. इटलीतल्या पादुआ विद्यापीठात फाब्रिसियस नावाचे शरीररचनेचे मोठे शिक्षक होते. त्यांनी शिरा उभ्या चिरून झडपा पाहिल्या, त्यांची नेटकी चित्रं काढली, 1603 साली पुस्तिका छापली. रचना अचूक दिसली होती. पण कशासाठी, तर रक्त एकदम हातापायांत उतरून साचू नये, जरा दमानं जावं, असा त्यांचा अर्थ. त्यांच्याच वर्गात बसलेल्या हार्वेनं पुढे त्याच झडपांकडे पाहून विचारलं की, यांची तोंडं सगळीकडे हृदयाच्या दिशेलाच का? दोघांनी पाहिलं एकच. एकाला शरीररचना कळली, दुसऱ्याला शरीरक्रिया. शाळेच्या पुस्तकात हे दोन विषय एका दमात उरकतात, त्यामुळे त्यांच्यात एवढं अंतर असू शकतं हे लक्षातच येत नाही.

हार्वेचा प्रयोग मी आत्याच्याच हातावर केला. मागावरच्या कापडाची एक पट्टी तिच्या दंडाला बेताची आवळून बांधली. कष्टाचा हात, शिरा लगेच टरारून आल्या. नीट पाहिलं तर शिरेवर मधेमधे बारीक गाठीसारखे फुगवटे दिसतात. त्या झडपांच्या जागा. मनगटाच्या बाजूला शिरेवर एक बोट दाबून ठेवलं आणि दुसऱ्या बोटानं शिरेतलं रक्त कोपराच्या दिशेनं, पुढच्या गाठीच्या पलीकडे सारलं. वरचं बोट उचललं. वरची शीर भरलेली, गाठीच्या खालची तशीच चपटी, रिकामी. रक्त खाली उतरेना. मग मनगटाजवळचं बोट उचललं, आणि शीर खालून भस्सकन भरली. आत्यानं डोळे बारीक केले. "परत कर बघू." तीनदा करायला लावलं, मग पट्टी सोडून स्वतःच शेजारणीचा हात धरला.

तिला एक शंका होती. शीर निळी दिसते, मग आतलं रक्त निळं काय? नाही. ते गडद लाल असतं. कातडीतून उजेड शोषला आणि परतवला जातो त्यात ते निळसर भासतं. आपली भाषा इथे थोडी घोळ घालते. पोटरीत गोळा आला तरी आपण 'शिरेवर शीर चढली' म्हणतो, मान आखडली तरी 'शीर धरली'. गोळा येतो तो स्नायूत, शिरेचा त्यात काही दोष नसतो.

झडपा असल्या तरी त्या स्वतः काही ढकलत नाहीत. ढकलणारी आहे पोटरी. प्लास्टिकच्या नळीतली पेप्सी आपण लहानपणी खालून दाबत वर आणायचो ना, तसंच. पायाच्या मुख्य शिरा खोलवर, स्नायूंच्या मधून जातात. पाऊल टाकताना पोटरी आवळली की त्या चेपल्या जातात आणि रक्त वर उसळतं. पोटरी सैल पडली की झडपा मिटतात आणि रिकाम्या झालेल्या खोल शिरा कातडीजवळच्या शिरांमधलं रक्त आत ओढून घेतात. चालताना पावलातल्या शिरेतला दाब 90 वरून 25 च्याही खाली येतो. येळ्ळूरच्या शिवारात रोप लावणाऱ्या बाया दिवसभर वाकून कंबरेनं बेजार होतात, पण चिखलातून दर पावलाला पाय उपसताना पोटरी तरी राबते.

आणि इथेच मला आजोबांचा हातमाग आठवला. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून ते बसायचे आणि पायाखालच्या फळ्या आळीपाळीनं दाबायचे. एक फळी दाबली की अर्धे उभे धागे वर, दुसरी दाबली की उरलेले. कापड विणता विणता घोटा दिवसभर हलत राहायचा. तेव्हाचे दिवस चांगले होते असं मुळीच नाही. त्या खड्ड्यातली ओल आणि पाठदुखी मी पाहिलेली आहे. पण यंत्रमाग आला, फळ्या दाबायचं काम मोटरीनं घेतलं, आणि विणकराची पोटरी बेकार झाली. आत्याचे हात आणि डोळे अखंड कामात, पोटरी मात्र उभी राहून नुसता भार पेलते.

उभं राहण्याचा दुसरा परिणाम जत्रेतच दिसला. दर्शनाच्या रांगेत एक तरणी पोरगी घामाघूम झाली, पांढरीफटक पडली आणि कोसळली. लगेच चार हातांनी तिला उठवून बसवलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. उकाडा, गर्दी, तासभर एका जागी उभं. रक्त पायांत साठतं, हृदयाकडे कमी परततं, त्यातच नाडी आणि रक्तदाब एकाएकी उतरतात आणि मेंदूला रक्त अपुरं पडतं. खाली पडणं हा त्यावर शरीराचाच इलाज: आडवं झालं की चार फुटांचा स्तंभ नाहीसा होतो, रक्त आपोआप मेंदूपर्यंत पोचतं. तिला बसवून आपण तोच इलाज मोडत होतो. आडवं ठेवून पाय थोडे उचलून धरल्यावर दोन मिनिटांत तिनं डोळे उघडले. श्रेय कांद्याला मिळालं.

आत्याच्या डाव्या पोटरीवर मात्र वाकड्यातिकड्या फुगलेल्या शिरा होत्या आणि घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी तपकिरी झालेली. तिथे झडपा गळक्या झाल्यात. वर्षानुवर्षं ताणून शीर रुंद झाली की दोन पाकळ्या एकमेकींपर्यंत पोचत नाहीत, रक्त खाली घसरतं, खालच्या झडपेवर दुप्पट भार, मग तीही जाते. आत्याच्या आईचे पायही असेच होते, आणि आत्याची तीन बाळंतपणं. उभं राहण्याइतकाच या दोन्हींचाही वाटा. तपकिरी रंग हा शिरेबाहेर पडलेल्या तांबड्या पेशींतल्या लोहाचा. या टप्प्यावर दुर्लक्ष केलं तर तिथेच जखम होते आणि ती महिनोन्महिने भरत नाही, म्हणून तिला डॉक्टरकडे नेलं. आणखी एक कारण होतं: दोन्ही पायांची सूज हृदयाची, मूत्रपिंडाची, किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांचीही असू शकते, ते घरी अंगठा दाबून कळत नाही. आणि एकच पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर शिरेत गुठळी असण्याची भीती. तेव्हा त्याच दिवशी गाठायचं.

"बिघडलेली झडप दुरुस्त होतीया काय?" तिनं डॉक्टरांना विचारलं. सहसा नाही. ती वरवरची शीरच बंद करतात किंवा काढतात. रक्त खोल शिरांच्या वाटेनं जातं. तूर्त तिला घट्ट मोजे दिले, घोट्याशी सर्वांत आवळ आणि वर सैल होत जाणारे. जिराफाच्या पायाची कातडी जन्मतःच अशी ताठ आणि आवळ असते, एवढ्या उंच जनावराचे पाय सुजत नाहीत त्याचं हे एक कारण. बोळात उभं असताना दर थोड्या वेळानं टाचा उचलायच्या, आणि दुपारी दहा मिनिटं पाय भिंतीला लावून पडायचं, असंही सांगितलं.

मोज्यांचं माप पहाटे, सूज चढायच्या आत घ्यावं लागतं. आत्यानं ब्लाउज शिवणाऱ्या शेजारणीची टेप आणली. सकाळी घोटा साडेबावीस सेंटीमीटर, संध्याकाळी चोवीस. पुढच्या शनिवारी तिचा फोन आला. मोजे अजून आलेच नव्हते, नुसत्या टाचा उचलून संध्याकाळी तेवीस भरला होता. एका दिवसाच्या मापावरून काही सिद्ध होत नाही, टेप अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे धरली गेली असेल, असं मी म्हणालो.

"मग उद्या परत मोजतो की," आत्या म्हणाली. मागे मागाचा आवाज चालूच होता. "कांडी संपली बघ, ठेवतो."