हायब्रिड म्हणजे निम्मी इलेक्ट्रिक? तसं नसतंय

आमच्या कंपनीतल्या एकानं इलेक्ट्रिक गाडी विकून हायब्रिड घेतली, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि मोटर दोन्ही असलेली. सातारा-शिरवळ रोजचं अप-डाऊन, फ्लॅट सदर बझारात तिसऱ्या मजल्यावर, सोसायटी पार्किंगमधे चार्जर बसवू देईना, आणि हायवेवर चार्जरला जावं तर आधीच कुणीतरी गन लावून निवांत मिसळ खायला गेलेलं. कारण पटण्यासारखं आहे. पण "निम्मी इलेक्ट्रिकच आहे की" असं जे तो सांगत फिरतोय ते काय पटत नाही.

कारण प्लग नसलेल्या, म्हणजे बाहेरून चार्ज न होणाऱ्या हायब्रिडमधली वीज सगळीच्या सगळी पेट्रोलमधूनच आलेली असते. मारुती ग्रँड व्हिटारा, टोयोटा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडमधे (जी नुसत्या मोटरवरपण चालू शकते) बॅटरी आहे पाऊण युनिटची, आणि लहानातली नेक्सॉन ईव्ही घेतली तरी तिच्यात 30 युनिट. हायब्रिडची बॅटरी म्हणजे दुकानातला गल्ला, सुट्टे यायचे आणि जायचे, पुंजी काय त्यात राहत नाही.

मग ॲव्हरेज वाढतं कशानं? पेट्रोल इंजिन हलक्या लोडवर फार उधळं असतं, साताऱ्यात पोवई नाक्यावर गाडी इंचाइंचानं सरकत असते तेव्हा तर बरंचसं पेट्रोल नुसतं इंजिन फिरतं ठेवण्यातच जातं, तिथं हायब्रिड इंजिनच बंद करते आणि मोटरवर सरकते, ब्रेक मारला की थोडी वीज परत मिळते ती वेगळीच. शिवाय इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचं असतं. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज इंजिनिअरची ही 1880 च्या दशकातली कल्पना. आताच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी झडप) मुद्दाम उशिरा बंद करतात, त्यामुळे आत घेतलेली थोडी हवा परत बाहेर ढकलली जाते, म्हणजे दाबायला कमी आणि प्रसरणाला जास्त जागा मिळते आणि गरम वायूतली ताकद सायलेन्सरमधून जायच्या आधी जास्त वसूल होते. असल्या इंजिनाला पिकअप कमी असतो, तेवढी उणीव मोटर भरून काढते.

आता हेच हायवेला लावून बघा. 90-100 नं एकसारखी गाडी चाललीय, ब्रेक नाही, सिग्नल नाही, म्हणजे इंजिन बहुतेक वेळ चालूच. पहिला फायदा जवळजवळ गेला, ॲटकिन्सनचा तेवढा राहिला. (इलेक्ट्रिकलापण हायवे जड जातो, 80 चे 100 केले की हवेचा रोध दीडपटीच्या वर जातो, रेंज पडते ती त्यानंच.)

गल्ला किती लहान आहे ते रविवारी कास पठारावरून उतरताना कळतं. माणसं धरून 1500 किलोची गाडी साडेचारशे मीटर खाली आली की हिशोबानं जवळपास पावणेदोन युनिट ऊर्जा सुटते. त्यातली बरीच टायर आणि हवेत जाते, तरी उरलेलीसुद्धा हायब्रिडला झेपत नाही. यवतेश्वरच्या उतारावर बॅटरीच्या कांड्या भरल्या की एक्सलेटरवर पाय नसताना इंजिनचा आवाज चढतो. ते पेट्रोल जाळत नसतं, गाडी रोखायला नुसतं फिरवलं जातं, जास्तीची ऊर्जा उष्णता होऊन वाया. इलेक्ट्रिकवाला तीच बॅटरीत भरत येतो, फक्त वर निघताना शंभर टक्के चार्ज नको.

पैशाचं बघायचं तर शिरवळ जाऊन-येऊन 120 किलोमीटरला इलेक्ट्रिक साधारण 20 युनिट खाणार, हायब्रिड 20 चं ॲव्हरेज धरलं तर 6 लिटर. घरचं युनिट 10 रुपये आणि पेट्रोल 105 धरा, 200 विरुद्ध 630. बाहेर फास्ट चार्जरला 20-22 चा भाव लागला तर मात्र फरक बराच आटतो, आणि चार्जरपाशी थांबायचं ते वेगळंच, म्हणून ज्याला घरी प्लग नाही त्याला मी हायब्रिडच घे म्हणेन.

पर्यावरणाचं म्हणाल तर 6 लिटर पेट्रोलमधे 54 युनिटच्या आसपास ऊर्जा असते. 20 युनिट वीज नुसत्या कोळशावर करायची तरी साधारण तेवढीच उष्णता लागते, म्हणजे उष्णतेत बरोबरी, पण तेवढ्याच उष्णतेला कोळसा पेट्रोलपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे नुसत्या कोळशावर इलेक्ट्रिक मागंच. पण ग्रिडमधे, म्हणजे विजेच्या जाळ्यात, कोयनेचं पाणी, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या आणि सोलर आहे, तेवढं पारडं इलेक्ट्रिककडं झुकतं. पेट्रोलच्या टाकीत तसलं काय मिसळता येत नाही, इथेनॉल सोडलं तर, आणि त्यातलं काही आपल्याच साखर कारखान्यांतनं येतंय.