मुलांचा मोबाईल आणि मेंदूची गाठ: या अभ्यासाची पार्श्वभूमी

आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात टॉवरवरून दोन तऱ्हेच्या ग्रामसभा होतात. एका गावात टॉवर नको म्हणून ठराव, आणि खाडीपलीकडच्या गावात टॉवर द्या म्हणून अर्जावर अर्ज. गंमत नाही, दोन्हीकडे कारण पोरांचंच सांगतात. नको म्हणणारे सांगतात मुलांना मेंदूचा कॅन्सर होईल, हवा म्हणणारे सांगतात मुलांना रेंजसाठी अभ्यासाला सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळ माळावर, जाऊन बसावं लागतं, पावसात ताडपत्रीखाली. दोन्ही काळज्या खऱ्या आहेत. पण पहिल्या काळजीला आधार म्हणून जे फॉरवर्ड फिरतात ते बहुतेक २०११ सालचे, आणि त्यानंतर नेमक्या याच प्रश्नावर, म्हणजे १० ते २४ वर्षांच्या मुलांवर, चौदा देशांत मिळून मोबी-किड्स नावाचा एक मोठा अभ्यास झाला, त्यात भारतही होता, हे कुणी सांगतच नाही. म्हणून हे सगळं कुठून सुरू झालं ते लिहितोय.

अगदी जुनं थोडक्यात. १९७९ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला विजेच्या तारांजवळ राहणारी मुलं आणि रक्ताचा कॅन्सर यांचा संबंध असावा असा एक पेपर आला, आणि विजेच्या, तारांच्या, लहरींच्या भीतीची सुरुवात साधारण तिथून धरतात. त्याही आधी, १९४०-५० च्या दशकांत इस्रायलमध्ये डोक्यावरच्या गजकर्णासाठी हजारो मुलांच्या डोक्याला एक्स-रे दिले होते आणि त्यातल्या काहींना पुढे दशकांनी मेंदूच्या आवरणाच्या गाठी झाल्या. एक्स-रे आणि मोबाईलच्या लहरी यांची जातकुळी पूर्ण वेगळी, पण लहानपणी डोक्याला काही लागलं तर त्याचा परिणाम फार उशिरा दिसू शकतो ही धास्ती संशोधकांच्या मनात तेव्हापासून आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत एका माणसाने टीव्हीवर येऊन सांगितलं की माझी बायको मोबाईलमुळे मेंदूच्या गाठीने गेली. कोर्टात ते टिकलं नाही, पण प्रश्न लोकांच्या तोंडी बसला. २००० साली ब्रिटनमधल्या एका तज्ज्ञ समितीने मुलांनी गरजेपुरताच मोबाईल वापरावा असं म्हटलं, पुरावा सापडला म्हणून नाही तर सापडेपर्यंत थांबायला नको म्हणून.

तेव्हा आपल्याकडे काय होतं? देशातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ चा, कोलकाता ते दिल्ली. इनकमिंगलाही पैसे पडायचे, ते २००३ मध्ये बंद झाले आणि मग फोन खऱ्या अर्थाने पसरला. कोकणात तोपर्यंत मुंबईच्या चाकरमान्याचा फोन यायचा तो वाडीतल्या एका घरी नाहीतर नाक्यावरच्या एसटीडी बूथवर. म्हणजे युरोपात मुलांबद्दल काळजी सुरू झाली तेव्हा आपल्या मुलांच्या हातात फोन नव्हताच, आणि हातात आला तेव्हा तिकडचा पहिला मोठा अभ्यास पूर्ण होत आला होता.

तो पहिला मोठा अभ्यास म्हणजे इंटरफोन. १३ देश, २००० च्या आसपास सुरुवात, मुख्य निकाल २०१० मध्ये. पण घेतले ३० ते ५९ वयाचे, मुलं नाहीत. निकाल विचित्र आला. नियमित वापरणाऱ्यांत ग्लायोमाचं, म्हणजे मेंदूच्या गाठीच्या एका मुख्य प्रकाराचं, प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा कमी, ०.८१ (१ म्हणजे दोघांत सारखंच), आणि सगळ्यात जास्त बोलणाऱ्या वरच्या दहा टक्क्यांत, म्हणजे एकूण १६४० तासांच्या वर, १.४०. एकाच अभ्यासातून फोन वाचवतो आणि फोन मारतो असे दोन्ही अर्थ काढता येतात, आणि लोकांनी काढले. १६४० तास म्हणजे दहा वर्षं रोज साधारण अर्धा तास, आज हे वाचून कुणाला जास्त वाटणारही नाही. त्यात काही पेशंटनी रोज पाच तासांहून जास्त बोलत होतो असं सांगितलं होतं, ते कितपत धरायचं यावरही वाद झाला.

मग २०११. मे महिन्यात कॅन्सरवर काम करणाऱ्या जागतिक संस्थेने मोबाईलच्या लहरींना २बी गटात टाकलं. हा गट म्हणजे कॅन्सर होत असण्याची शक्यता आहे पण पुरावा मर्यादित. आपल्या फॉरवर्डमध्ये 'शक्यता' गळून पडते आणि फक्त 'कॅन्सर' उरतं. त्याच बैठकीत एक गोष्ट मुलांबद्दल नोंदवली गेली जी मला महत्त्वाची वाटते: फोन कानाला लावला तर मुलांच्या मेंदूत सरासरी ऊर्जा मोठ्यांपेक्षा दुप्पट, आणि कवटीच्या हाडातल्या मज्जेत (बोन मॅरो) दहापटीपर्यंत शोषली जाऊ शकते, कारण कवटी पातळ आणि डोकं लहान. त्याच वर्षी डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, स्वित्झर्लंड मिळून ७ ते १९ वयाच्या मुलांवरचा सेफालो अभ्यास आला. ३५२ पेशंट, ६४६ कंट्रोल (म्हणजे तुलनेसाठी घेतलेली, गाठ नसलेली मुलं), आकडा १.३६, पण अनिश्चिततेची मर्यादा इतकी रुंद की त्यावरून काही ठरवता येईना. त्याआधी स्वीडनच्याच एका गटाने वीस वर्षांच्या आत फोन सुरू केलेल्यांना जवळजवळ पाचपट धोका सांगितला होता. एवढा फरक असेल तर कुणावर विश्वास ठेवायचा? मोठा अभ्यास करणं भागच होतं.

तोच मोबी-किड्स. २०१० ते २०१५ मध्ये मेंदूची गाठ झालेले ८९९ जण आणि १९१० कंट्रोल, वय १० ते २४. चौदा देश लागले कारण या वयात मेंदूची गाठ सुदैवाने दुर्मिळ आहे, एका देशातून एवढे पेशंट मिळत नाहीत. आता यातला जो निर्णय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ज्यावर सगळ्यात कमी लिहिलं जातं, तो म्हणजे कंट्रोल कुणाला घ्यायचं.

अशा अभ्यासात पेशंटची तुलना कुणाशी करता यावर सगळं उभं असतं. इंटरफोनमध्ये लोकसंख्येतून निवडून माणसं बोलावली होती, आणि निम्म्याच्या आसपास, ५३ टक्केच आली. जी आली नाहीत त्यांतल्या काहींना मोजके प्रश्न विचारून पाहिलं तर ती फोन कमी वापरणारी निघाली. म्हणजे कंट्रोलमध्ये फोनवाले जास्त भरले, आणि पेशंट बिचारे तुलनेत कमी फोनवाले दिसले. ०.८१ चा एक मोठा भाग तिथून आला. मोबी-किड्सवाल्यांना हे टाळायचं होतं. त्यांनी ठरवलं, कंट्रोल म्हणून अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेली मुलं घ्यायची.

का अपेंडिक्स? कारण ते या वयात सर्रास होतं, गरीब-श्रीमंत बघत नाही, दुखायला लागलं की कुणीही घरी थांबत नाही, हॉस्पिटलात जावंच लागतं, आणि फोनशी त्याचा संबंध असावा असं कुणाला वाटत नाही. शिवाय मूल कॉटवर आहे, आईवडील शेजारी बसलेत, मुलाखतीला वेळ आहे. कागदावर फारच चांगली कल्पना, आणि मला ती अजूनही पटते. पण विरोधही झाला आणि तो पोकळ नाही. सगळे कंट्रोल एकाच आजाराचे घेतले की त्या आजाराला ज्या गोष्टी चिकटलेल्या असतील, खाणंपिणं, शहरी राहणीमान, त्या सगळ्या तुमच्या तुलनेत शिरतात. आणि ज्या कारणासाठी हा सगळा खटाटोप, तो सहभाग, तो किती आला? ५४ टक्के. इंटरफोनपेक्षा एक टक्का जास्त. पेशंटचा ७२.

हे कोकणात करून बघायचं म्हटलं तर अडचण लगेच कळते. अपेंडिक्स आपण कुडाळला, कणकवलीला, चिपळूणला काढून मोकळे होतो. डोक्यात गाठ निघाली की मूल परळला नाहीतर गोव्याला, बेळगावला जातं. परळच्या वॉर्डात बसून तुम्ही देवगडच्या पेशंटला कंट्रोल शोधाल तर दादर-परळच्या पोराचं अपेंडिक्स मिळेल, ज्याच्या घरी फुल रेंज आहे आणि फोन तीन वर्षं आधी आलाय. म्हणून या अभ्यासात पेशंट आणि कंट्रोल एकाच भागातले, जवळपासच्या वयाचे आणि निदानाच्या तारखेने जुळणारे घ्यायची अट होती, आणि ती अट पाळणं हेच खरं कष्टाचं काम असतं. बातमीत त्याची एक ओळही येत नाही, पण निकालावर भरवसा ठेवायचा की नाही हे तिथेच ठरतं.

निकाल आला २०२१ च्या शेवटी. जास्त वर्षं, जास्त कॉल, जास्त तास, कशानेही धोका वाढलेला दिसला नाही. उलट आकडे एकच्या खाली गेले, विशेषतः १५ ते १९ वयात. फोनमुळे गाठ टळते असं संशोधकांनी अजिबात म्हटलं नाही. त्यांनी दोन कारणं शोधली. एक, आजारी मुलाऐवजी बऱ्याचदा आईवडिलांनी उत्तरं दिली, आणि मूल फोनवर किती वेळ असतं हे आईबापाला नीट माहीत नसतं हे आपल्यालाही माहीत आहे. दुसरं, गाठ कळायच्या आधीच डोकेदुखी, उलट्या, थकवा सुरू झालेला असतो, मूल फोन कमी घ्यायला लागतं, म्हणजे आजारामुळे फोन कमी, फोन कमी म्हणून आजार नव्हे. हे सगळं लक्षात घेऊन त्यांनी लिहिलं की फोनमुळे गाठ होते असा पुरावा मिळाला नाही, पण अगदी छोटा धोका पूर्ण नाकारता येत नाही. हे दुसरं वाक्य धरून काही जण अजून भांडतात. मला ते प्रामाणिकपणाचं लक्षण वाटतं. आणि एक आकडा विसरू नये, यातले २२ टक्के दहा वर्षांहून जास्त वापरणारे होते, २० ते २४ वयात तर ५१ टक्के, तेव्हा 'अजून पुरेशी वर्षं झाली नाहीत' हे पूर्वीइतकं सहज म्हणता येत नाही.

आता टॉवर. या सगळ्या अभ्यासांत मोजलाय तो कानाला लावलेला फोन, टॉवर नाही. डोक्यात जाणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा फोनचा असतो, आणि रेंज कमी असली की फोन जोर वाढवतो. स्वीडनमध्ये टूजीच्या काळात नेटवर्कमधून मोजलं तेव्हा विरळ वस्तीत फोन जवळपास निम्मा वेळ पूर्ण पॉवरवर चालत होते, शहरात साधारण पाव वेळ. थ्रीजीचा फोन चांगल्या सिग्नलमध्ये टूजीपेक्षा सरासरी शंभरपट कमी ऊर्जा सोडतो. म्हणजे टॉवर हाकलून दिलेल्या वाडीत एका काडीवर बोलणाऱ्या मुलाच्या डोक्याला जास्त लागतं, कमी नाही. हे ग्रामसभेत कुणी सांगत नाही याचा मला मनापासून त्रास होतो. आपल्या देशात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली, आणि फोनसाठी शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची, किलोला १.६ वॅटची, कमाल मर्यादा सक्तीची केली, तीही एक ग्रॅम पेशींवर मोजून. तरी २०१७ मध्ये ग्वाल्हेरच्या एका कॅन्सर पेशंटच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने एक टॉवर बंद करायला लावला आणि त्या बातमीने आपल्याकडचे ठराव पुन्हा जोरात आले. त्या माणसाचं दुःख खरं होतं, पण टॉवरमुळे कॅन्सर झाला याचा शास्त्रीय पुरावा म्हणून ती बातमी वाचता येत नाही.

त्यानंतरचं भराभर. २०१८ मध्ये अमेरिकेत उंदरांवरच्या मोठ्या प्रयोगात नर उंदरांच्या हृदयात गाठी दिसल्या, मेंदूबद्दल पुरावा कमी पक्का, आणि ज्यांना लहरी दिल्या ते नर उंदीर न दिलेल्यांपेक्षा जास्त जगले, तेव्हा त्याचा अर्थ लावणं अवघड झालं. २०२४ मध्ये युरोपातल्या पाच देशांत अडीच लाखांहून जास्त मोठ्या माणसांचा अनेक वर्षं पाठपुरावा करून वाढ सापडली नाही. त्याच वर्षी ६३ अभ्यास एकत्र तपासणारा आढावा आला, त्यातही मोबाईल आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध निघाला नाही. २बी चा शिक्का मात्र त्याने आपोआप पुसला गेलेला नाही, त्याचा फेरविचार लवकर करावा असं तो शिक्का मारणाऱ्या संस्थेच्याच सल्लागार गटाने २०१९ मध्येच सुचवलं होतं.

आणि मुलांचा वापर तोवर बदलला. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, आता सड्यावर बसलेली मुलगी फोन कानाला लावतच नाही, मांडीवर ठेवून व्हिडिओ बघते, कानात इयरफोन. मोबी-किड्समधले प्रश्न मुख्यतः कॉलचे होते. डोक्याला मिळणारी ऊर्जा यात कमीच होते, पण झोप, डोळे, मान, मन यांचे प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांना वेगळे अभ्यास लागतील, त्यात कंट्रोल म्हणून फोन न वापरणारी मुलं शोधायची कुठे हा पहिला प्रश्न असेल.